माडीवरचे पाळणे

॥ श्री ॥
गुलबर्गा, ज्येष्ठ शुद्ध ५, शके १८५७

तीर्थरूप अण्णास धाकट्या राजूचा सा. न. वि. वि. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी, मायची, सोजरावहिनीची अन् लेकरांची खुशाली कळली म्हणजे जीव खाली बसेल.

अण्णा, हसू नकोस. मी माती मागायला पत्र लिहायलेय. मुडबीच्या शेतकऱ्याची लेक अन् मातीसाठी हात पसरायलीय, पण काय करू? माडीवर दोन खोल्या अन् पुढं हातभर सज्जा, पायाखाली सगळी फळीच. खाली घरमालकीण भागम्माचं आंगण हाय. बाई जीव लावणारी हाय, पण तिच्या चार शेळ्या अन् मोरीतल्या घुशी एक हिरवं पान ठेवीत न्हाईत. मागल्या साली कोपऱ्यात मेथी टाकली, ती शेळ्यांनी खाल्ली, अन् दूध मात्र भागम्मानं एकटीनं प्यालं.

म्हणून आता बुट्ट्या टांगून भाजी लावायचं ठरवलंय. सज्ज्याच्या वरल्या वाशाला बांबूच्या बुट्ट्या, अंबाडीच्या दोरीनं बांधलेल्या, आत पळसाची पानं अन् वर माती. पहिली बुट्टी आपल्याच काळ्या मातीनं भरली. दोन तांबे पाणी घातलं तर ती माती अशी फुगली की दोरी तुटली अन् बुट्टी धाडकन खाली, भागम्माच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर. तिनं कानडीत मला काय काय म्हणलं ते लिहिण्यासारखं न्हाई.

तर मला हलकी माती पाहिजे. कमठाण्याच्या मावशीच्या शेतातली तांबडी माती दोन पोती लिंगाप्पाच्या गाडीत घालून दे. हे सकाळी अडतीवर जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर घरात मी एकटी. हाताला काई काम पाहिजे अण्णा, न्हाईतर डोकं नको तिथं जातं.

मायला माझा नमस्कार. माझ्यावरची माया अशीच असू दे, पातळ होऊ देऊ नको.
तुझी राजू


॥ श्री ॥
मुडबी, ज्येष्ठ वद्य ६

चि. सौ. राजूस अण्णाचे अनेक आ. वि. वि. तुझे पत्र पावले. मायला वाचून दाखवले. सांडग्यांपाशी आल्यावर ती इतकी हसली की सोजरा भाकरी टाकून बाहेर पळत आली.

माती पाठवली आहे. लिंगाप्पा तिकडच्या गंजात, बाजारात, तूर घेऊन येतोय, त्याच्या गाडीत दोन पोती आहेत. माती एक वाटा, कुजलेले शेणखत एक वाटा अन् तुरीचे भुसकट एक वाटा असे मिसळ. पाणी तांब्याने ओतू नकोस, ओंजळीने शिंपड. सांगायचे ते सांगितले, पण माझे ऐकशील तर हा नाद सोड. भाजीला भुई लागते. हवेत टांगलेल्या बुट्टीत काई जगत न्हाई. तुझ्याकडे जगले तर कळव, मी हरलो म्हणून भर चावडीत सांगीन.

मायचे गुडघे धरलेत. त्यावर सुंठ-गुळाची गोळी दे म्हणून गुंडप्पा वैद्य म्हणाला, पण गूळ ती तोंडाला लावत न्हाई हे तुला ठाऊक आहे. गाणगापूरला दत्तापुढे बोलून बसलीय की राजूच्या घरी पाळणा हलेपर्यंत गूळ वर्ज्य. अकरा वर्षे झाली. हा विषय काढू नको म्हणून तू बजावले आहेस, तरी हातून लिहून गेले. राग मानू नको.

श्रीपतरावांस नमस्कार सांग. आम्हा गावाकडच्यांची आठवण ठेवत जा, एवढेच मागणे.
अण्णा


॥ श्री ॥
(कार्ड)
गुलबर्गा, श्रावण शुद्ध ११

तीर्थरूप अण्णास राजूचा सा. न. वि. वि. कार्डावर जागा थोडी, म्हणून थोडक्यात लिहिते. हरलास बघ! आमच्या माडीवर पाळणा बांधला. खोटं वाटत असेल तर भागम्माला विचार. राजूबाईच्या घरी तोट्टिल लागलं म्हणून ती गल्लीभर सांगत सुटलीय. तोट्टिल म्हणजे तिच्या कानडीत पाळणाच. आता मला दिवस पुरत न्हाई, सारखी त्याच्याच भवती. हे अडतीवरून आले की आधी सज्ज्यात जाऊन वाकून बघतात, मग पाय धुतात. बाकीचं इथं मावत न्हाई. मायला सांग. तुम्ही सगळे येऊन बघाच. लोभ हाय तो वाढवावा.
राजू


॥ श्री ॥
मुडबी, श्रावण वद्य ७

चि. सौ. राजूस, अखंड सौभाग्यवतीस, लेकुरवाळीस, अण्णाचे अनेक अनेक आ. वि. वि.

अगं बाई, किती गं मनाची घट्ट तू! नऊ महिने कुणाला सुगावा लागू दिला न्हाईस. पण माय म्हणाली, पोरीनं बरं केलं. मागल्या दोन्ही खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळीकडे बोभाटा झाला अन् पदरी काई पडले न्हाई, म्हणून या खेपेला तू तोंड शिवून बसलीस. मी शंका काढली की बाळंत झाल्याचे तू सरळ लिहिले न्हाईस. तर माय माझ्यावरच खेकसली. रिकामा पाळणा कुणी बांधतं का, ते अशुभ असतं, पाळणा बांधला म्हणजे लेकरू आलं, एवढं तुला कळत न्हाई व्हय, असे म्हणाली.

कार्ड मी तीनदा वाचून दाखवले. तिसऱ्या वेळी ती उठली, गुडघ्याला हात लावून उतरंडीपाशी गेली, गुळाचा खडा काढला अन् चुलीपुढे बसून तोंडात टाकला. चावला न्हाई, नुसता धरून बसली. डोळ्यांतून पाणी. सोजराही रडली. मी बाहेर जाऊन साखर आणली अन् मारुतीपासून वेशीपर्यंत घरोघर वाटली. राजूच्या लेकराची साखर म्हणून जो तो हात पुढे करत होता.

आता लिही, मुलगा की मुलगी? माय म्हणते काई असो. नवसाचा दुसरा भागही ध्यानात असू दे. लेकराच्या भारोभार गूळ दत्तापुढे तोलून वाहायचा आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, आपण सगळे गाणगापूरला जमू. तुला तिथून जवळच आहे.

अंगाला वारा लागू देऊ नको. थोरल्या भावाच्या हातून काई चुकले असेल तर पोटात घाल अन् जिव्हाळा राख.
अण्णा


॥ श्री ॥
गुलबर्गा, भाद्रपद शुद्ध १४

तीर्थरूप अण्णास राजूचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. वेळ झाला न्हाई.

मुलगी.

इकडं सगळं ठीक हाय. भागम्मा बघती सगळं. आत्ता लगेच कुणी येऊ नका, पावसात रस्ते वाईट असतात, मायचे गुडघे दुखतील. गाणगापूरचं पुढं बघू, अजून लई दिवस हायेत. मायला म्हणावं लई गूळ खाऊ नको, उष्ण पडतो.

जास्त काय लिहू. आहे तो लोभ असू द्या.
राजू


॥ श्री ॥
मुडबी, आश्विन वद्य ८

चि. सौ. राजूस अण्णाचे अनेक आ., अन् चिमुकलीस गोड गोड पापा. वि. वि.

तुझे पत्र एवढेसे! लेकीची आई झालीस तर भावाला विसरलीस व्हय? असो. लिंगाप्पा गंजात येतोय, त्याच्या हाती गाठोडे दिले आहे. त्यात मायनं शिवलेली तीन झबली, दोन कुंच्या अन् चांदीचे वाळे आहेत. वाळे मायनं आपल्या हातातली पाटली मोडून घडवले. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, या हातानं आता गूळ खातेय, चांदी कामून पाहिजे.

गुळाच्या दोन ढेपा आणून ठेवल्यात. एक पुरेल म्हणालो तर माय म्हणते राजूची लेक गुटगुटीत असणार. गाडीत कडबा टाकून मायला निजवत आणीन. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही गाणगापूरला पोचतो. तुम्ही तिघं या.

भेटीची वाट बघतोय. प्रेम असावे, असे आता वेगळे काय लिहायचे.
अण्णा


॥ श्री ॥
गुलबर्गा, कार्तिक शुद्ध १२

तीर्थरूप अण्णास. नमस्कार लिहायला तोंड न्हाई, तरी लिहिते.

हे पत्र एकटा वाच. अण्णा, आमच्या घरी लेकरू न्हाई. झालंच न्हाई. सज्ज्यात तीन बुट्ट्या टांगल्यात, एकीत मेथी, एकीत चुका, एकीत मिरचीची चार रोपं. वाऱ्यानं हलायल्या बघून भागम्मा म्हणाली ही तर तोट्टिलंच. मला हसू आलं. तेव्हापासून मीही त्यांना पाळणे म्हणायले अन् कार्डावर तुला तसंच लिहिलं. भाजी जगली, पैज जिंकली, एवढंच सांगायचं होतं. दुसरं मनात काई नव्हतं, देवाशपथ.

पण पुढच्या गोष्टीला देवाची शपथ घेता येत न्हाई. तुझं साखरेचं पत्र वाचलं तेव्हाच काय घोटाळा झालाय ते कळलं. त्याच दिवशी कळवायला पाहिजे होतं. कागद घेतला, लिहिलं, फाडलं. चारदा लिहिलं अन् चारदा फाडलं. मायनं गूळ खाल्ला, हे वाचल्यावर हात चालेना. अन् आता खरं सांगते, लाजेनं मान वर होत न्हाई तरी सांगते. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचत बसले. तू मला लेकुरवाळी लिहिलं होतंस. माझ्या नावानं गावानं हात पुढं करून साखर घेतली होती. अकरा वर्षांत माझं नाव निघालं की बायका नुसत्या चुकचुकतात. मला ते गोड लागलं, अण्णा. अजून थोडे दिवस राहू दे, असं वाटलं. म्हणून मुलगी असं लिहून टाकलं. मनाशी म्हणलं, मेथी बाईमाणूसच की. एवढा चावटपणा करून स्वतःलाच फसवलं. तू पाटीवर हात धरून शिकवलेल्या अक्षरात मी तुला खोटं लिहिलं.

गाठोडं लिंगाप्पानं घरी न्हाई, अडतीवर नेऊन यांच्याच हातात दिलं. चारचौघांत म्हणाला, धनी, लेक झाली, पेढे कुठं हायेत? यांना कशाचा पत्ता न्हाई. तरी हे म्हणाले, देतो की. एवढ्या लोकांत न्हाई म्हणवलं न्हाई त्यांना. घरी येऊन गाठोडं माझ्यापुढं ठेवलं अन् विचारलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एक कुंची उचलली, आपल्या मुठीवर चढवली, जरा वेळ बघितली, अन् नीट घडी घालून परत ठेवली. तेव्हापासून सज्ज्यात जात न्हाईत. गंजातले लोक अजून पेढे मागायलेत, अन् हे देतो देतो म्हणत अडतीच्या मागल्या दारानं घरी येतात. माझ्यापायी.

आता आणखी एक. हे कधी कुणाला बोलले न्हाई. तुझ्या धाकट्याच्या बारशाला मी दोन दिवस आधी आले होते. पाळण्याला फुलं मीच बांधली. बायका जमल्या, लेकराला पाळण्यात घालायची वेळ झाली, तशी माय माझ्याजवळ आली अन् हळूच म्हणाली, राजू, तू जरा आत चुलीपाशी जा, घुगऱ्या खाली लागायल्यात. घुगऱ्या केव्हाच उतरून ठेवल्या होत्या अण्णा. मी आत बसून बाहेरचा पाळणा ऐकला. मायचा दोष न्हाई, चार बायकांची तोंडं तिला सांभाळायची होती. पण त्या दिवसापासून पाळणा हा शब्द माझ्या तोंडात येत नव्हता. बुट्ट्यांच्या निमित्तानं तीन वर्षांनी पहिल्यांदा म्हणले, तेही हसत. अन् त्यातून हे उभं राहिलं.

मायला तूच सांग. मी येऊन पायावर पडले असते, पण मुडबीच्या वेशीतून कोणत्या तोंडानं येऊ? तिचा नवस माझ्या थट्टेनं मोडला. वाळे अन् कपडे तसेच हायेत, लिंगाप्पाच्या हाती परत पाठवते. लोभ मागायचा हक्क उरला न्हाई. तरी मागते.
राजू


॥ श्री ॥
मुडबी, कार्तिक वद्य ५

चि. सौ. राजूस अण्णाचे आ. वि. वि.

पत्र शेतात नेऊन वाचले. राग आला, खोटे कशाला बोलू. कार्डाची गंमत मी समजू शकतो. आमच्याच डोळ्यांवर झापड होती, वाचायचे ते वाचले. पण मुलगी हे तू शुद्धीवर असताना लिहिलेस. चावडीवर लोक मला मामा म्हणून हाक मारतात. उद्या त्यांना काय सांगू? माझ्या बहिणीला मेथी झाली म्हणून सांगू?

हे लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता राग उतरलाय अन् दुसरेच काई बोचायलेय. बारशाच्या दिवशी मी ओसरीवर होतो. मायनं तुला आत पाठवले ते मी बघितले होते. घुगऱ्या उतरल्यात हे मलाही ठाऊक होते, टोपली मीच बाहेर आणली होती. तेव्हा एक शब्द बोललो न्हाई. त्यामुळे तुझ्यावर ओरडायला माझेही तोंड तेवढेसे उजळ न्हाई.

मायला अजून सांगितले न्हाई. रोज सकाळी ती बोटांवर पौर्णिमेचे दिवस मोजते अन् मी बैलाला पाणी दाखवायला निघून जातो. पण सांगणे भाग आहे. आज सांगतो. वाळे परत पाठवू नकोस, ती काय म्हणते ते कळेपर्यंत थांब. मन लहान करू नको.
अण्णा


॥ श्री ॥
मुडबी, मार्गशीर्ष शुद्ध ३

माय सांगतेय अन् मी लिहितोय. माझा एक शब्द यात घालायचा न्हाई, असे तिने बजावले आहे. अण्णा.

राजे, माझ्या बाई, तुला मायचा आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या अण्णानं, अंकुशनं, मला सगळं वाचून दाखवलं. मधी मधी गाळायलाय असं वाटलं म्हणून म्या त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. घुगऱ्यांचं गाळलं होतं त्यानं.

दोन दिवस म्या भाकरीला शिवले न्हाई. सोजराला वाटलं, नवस मोडला म्हणून मायनं हाय खाल्ली. नवसाचं न्हाई गं. गुळाचं न्हाई. तू चुलीपाशी बसून बाहेरचा पाळणा ऐकला, त्याचं. तुला वाटलं हे तुला एकटीलाच ठाऊक. मलाबी ठाऊक होतं बाई. म्याच तर तुला धाडलं. घुगऱ्या खाली लागायल्यात म्हणून खोटं बोलले, तेबी आपल्या पोटच्या पोरीला, तिनंच फुलं बांधलेल्या पाळण्यापासून उठवून. कशापायी? चार बायका नावं ठेवतील म्हणून. तू माझ्याशी एक शब्द खोटं लिहिलंस अन् दोन महिने तळमळलीस. म्या तीन वर्षं गप बसले. आता सांग, कुणी कुणाला तोंड दाखवायला लाजावं?

गावाला म्या सांगितलं. अंकुशला न्हाई धाडलं, म्याच काठी टेकत गेले. गुरुबाईच्या ओसरीवर सगळ्या बसल्या होत्या. म्हणलं, राजूला लेकरू झालं न्हाई, कार्ड आम्ही चुकीचं वाचलं. वच्छलाबाई चुकचुकली. म्या म्हणलं, चुकचुकू नको, साखर गोड लागली व्हती का न्हाई तेवढं सांग. म्या वळून आले न्हाई, बसले तिथं.

आता नवसाचं. अंकुश म्हणतो, जाणं रद्द करू. म्या न्हाई म्हणलं. दत्तापुढं म्या काय बोलले होते ते माझ्या ध्यानात हाय. राजूच्या घरी पाळणा हलू दे, लेकराच्या भारोभार गूळ वाहते. तर पाळणा हलला. वाऱ्यानं हलला, मेथीचा हलला, पण हलला का न्हाई? अन् लेकराच्या भारोभार म्हणले. कुणाच्या लेकराच्या ते म्या म्हणलंच न्हाई. माझं लेकरू कोण हाय गं? अंकुशला तोलायचं तर गुळाचा कारखाना लागंल.

तवा तू ये. जावईबापूंना घेऊन ये. दत्ताच्या देवळात, सगळ्या जत्रेच्या देखत, मी तुला तागडीत बसवणार हाय. म्हाताऱ्या बाईनं तिशीतली लेक तोलली म्हणून लोक हसतील, हसू देत. त्या दिवशी लोकांपायी तुला आत धाडलं, आता लोकांम्होरं बाहेर बसवते. त्याबिगर माझ्या जीवाला चैन पडायचं न्हाई.

वाळे तुझ्यापाशीच ठेव. मोडू नको.

दोन ढेपांनी व्हायचं न्हाई म्हणून अंकुश आणखी आणायला कल्याणीला जायलाय. तू वजन कमी भरावं म्हणून उपास करत बसशील, ठाऊक हाय मला. करू नको. पोटभर जेवून ये. अन् मायवर राग असंल तर तोबी घेऊन ये, तोबी तोलू.

तुझी माय
सत्यभामाबाई, हिचा अंगठा